मला ऐकू येतं, पण कळत नाही!

“आई, ताक देऊ का?” ओट्याशी पाठमोरी उभी राहून मी विचारलं.

“नाकाला? काय झालं नाकाला?” सासूबाईंनी काळजीच्या सुरात विचारलं.

टेबलावर एकच हशा पिकला. धाकटा चिन्मय तर पोट धरून हसला. आईही हसल्या, पण जरा उशिरा आणि आमच्या तोंडांकडे बघत बघत. मग हळूच म्हणाल्या, “काय झालं रे?”

“काही नाही, आजी,” चिन्मय म्हणाला आणि आमच्या गप्पा पुढे सुरू झाल्या.

ही २०११ सालची गोष्ट. आई तेव्हा ७४ वर्षांच्या होत्या. जन्मभर शाळेत शिकवलेल्या, अतिशय बोलक्या. पण वर्षभरात त्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं होतं. भजनी मंडळ सुटलं. फोन वाजला की त्या दुसऱ्या कोणाला तरी हाक मारायच्या. आम्ही म्हणायचो, “वय झालं, दुसरं काय!” खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात म्हणायची, ‘यांना हवं तेवढंच बरोबर ऐकू येतं!’ कारण दारावरची बेल त्यांना ऐकू यायची, कुकरची शिट्टी ऐकू यायची, माझंच बोलणं तेवढं ऐकू यायचं नाही. मग मी आवाज चढवायची. आवाज चढला की कपाळाला आठी आपोआपच पडते.

एके दिवशी वाळलेले कपडे काढायला मी बाल्कनीत गेले, तेव्हा आई शेजारच्या काकूंशी बोलत होत्या. “मला ऐकू येतं हो, पण कळत नाही. दुसऱ्यांदा विचारलं की सगळे ओरडतात. तिसऱ्यांदा विचारलं की ‘काही नाही’ म्हणतात. आता मी विचारतच नाही.”

मी कपडे तसेच ठेवून आत आले. त्यांच्याशी सर्वांत जास्त ‘काही नाही’ म्हणणारी मीच होते!

पुढच्याच आठवड्यात आम्ही त्यांचे कान तपासून घेतले. यंत्रावरचा आलेख दाखवत तिथल्या ऑडिऑलॉजिस्ट बाईंनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. वयामुळे ऐकणं कमी होतं, तेव्हा बहुधा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. आपल्या बोलण्यातले ‘आ’, ‘ओ’सारखे स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस असतात, ते ऐकू येत राहतात. पण ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ यांसारखी नाजूक व्यंजनं निसटतात. म्हणजे कुणीतरी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते नाही. ‘ताक’चं ‘नाक’ होतं ते असं!

“घरी यांच्याशी कसं बोलता? दाखवा बघू,” त्या म्हणाल्या. मी सवयीप्रमाणे आवाज चढवला. त्यांनी हसून मला थांबवलं. “ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, उलट फाटतात. शिवाय ओरडणाऱ्याचा चेहरा रागावलेला दिसतो.”

मग त्यांनी साध्या गोष्टी सांगितल्या. आधी नावाने हाक मारा आणि त्यांनी बघेपर्यंत थांबा. समोर बसा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर हवा, कारण ओठांच्या हालचालींवरूनही माणूस बरंच समजून घेत असतो. टीव्ही, मिक्सर, नळ बंद करा. किंचित सावकाश बोला. एकदा कळलं नाही, तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला. आणि ‘काही नाही’ कधीच म्हणू नका.

श्रवणयंत्र आणलं, पण ते चष्म्यासारखं नसतं, घातलं आणि झालं! पहिल्या आठवड्यात आईंना वर्तमानपत्राची सळसळसुद्धा असह्य झाली. यंत्र दोनदा कपाटात गेलं. रोज थोडा वेळ, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलत बोलत त्याची सवय करावी लागली. तो एक माणूस बहुतेक वेळा मीच असायची.

अशाच एका दुपारी शेंगा सोलता सोलता त्यांनी विचारलं, “यंदा गणपतीला गावी कधी जायचं गं?”

माझे हात थांबले. गावचं घर तर विकून सहा महिने झाले होते! विकण्यापूर्वी ह्यांनी विचारलं होतं, “आई, चालेल ना?” टीव्ही चालू होता. त्यांनी मान हलवून ‘हो’ म्हटलं होतं आणि आम्ही त्याला त्यांची संमती समजलो होतो.

त्यांच्या समोर बसून, सावकाश, मी सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “विकायला माझी ना नव्हती. पण एकदा उंबऱ्याला हात लावून आले असते.”

ते घर परत आणता येण्यासारखं नव्हतं. मात्र त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम झाला. आईंना काही विचारायचं, तर टीव्ही बंद करून विचारायचं आणि ‘हो’ आलं, तरी त्यांना काय समजलं ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं. आणि चिन्मयने एका रात्री जेवताना तो ताकाचा विनोद आजीला पहिल्यापासून सांगितला. या वेळी त्या सर्वांच्या आधी हसल्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या चारांपैकी एकाहून अधिक जणांना मदतीची गरज भासावी इतपत श्रवणदोष असतो. म्हणजे घरोघरी कुणीतरी असं उशिरा हसत असणार. आपल्याकडेही असेल, तर वयाला दोष देऊन गप्प बसू नका, कान तपासून घ्या. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही कान-नाक-घसा विभागात तपासणी होते.

आई २०१९ मध्ये गेल्या. पण त्यांच्यासाठी लावून घेतलेली सवय काही सुटली नाही. चिन्मय आता नोकरी करतो. तो कधी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन नुसताच उभा राहतो. पूर्वी मी भांडी घासता घासता विचारलं असतं, “काय रे?” आणि तो म्हणाला असता, “काही नाही.”

आता मी आधी नळ बंद करते.