शुद्ध कोणासाठी?

मराठी शिकवणाऱ्याच्या तोंडी 'शुद्ध' हा शब्द दिवसातून अनेकदा येतो. त्याचा अर्थ नव्याने तपासावा असे मला वाटले ते मात्र पदार्थविज्ञानातील एक विषय वाचताना.

क्वांटम संगणकाच्या एका प्रकारात सिलिकॉनमधील एकेका इलेक्ट्रॉनचे स्पिन माहिती साठवते. अडचण अशी की, ही माहिती फार काळ टिकत नाही. नैसर्गिक सिलिकॉनमध्ये सुमारे ४.७ टक्के अणू सिलिकॉन-२९ चे असतात. त्यांच्या केंद्रकांनाही स्पिन असते आणि त्या चुळबुळीत इलेक्ट्रॉनची नोंद विस्कटते. सिलिकॉन-२८ चे केंद्रक या बाबतीत अगदी मूक. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात २०१२ साली नैसर्गिक सिलिकॉनमध्ये, सूक्ष्मलहरींच्या स्पंदांनी सावरूनही, ही अवस्था सुमारे २०० मायक्रोसेकंद टिकली. २०१४ साली तेथेच, शुद्ध केलेल्या सिलिकॉन-२८ मध्ये आणि अधिक स्पंदांच्या साहाय्याने, ती अर्ध्या सेकंदाहून अधिक टिकली. पुढे २०२४ मध्ये मँचेस्टर आणि मेलबर्न येथील संशोधकांनी सिलिकॉन-२९ चे प्रमाण दहा लाखांत २.३ इतके खाली आणले.

भाषाशुद्धीच्या पुरस्कर्त्यांना हा दाखला आवडावा असाच आहे. परंतु थोडे थांबून पाहिले तर चित्र पालटते. जे काढून टाकले ते परके नव्हतेच. सिलिकॉन-२९ हेही सिलिकॉनच. उलट न्यू साउथ वेल्सच्या या प्रयोगांत ज्या इलेक्ट्रॉनसाठी एवढा खटाटोप झाला, तो फॉस्फरसच्या अणूचा. सिलिकॉनच्या स्फटिकात फॉस्फरस हा उपराच, आणि तो तेथे मुद्दाम रोवलेला! म्हणजे निवडीचा निकष कुळाचा नव्हे. सांगायचे ते ऐकू येण्याच्या आड काय येते, एवढाच आहे.

भाषा म्हणजे स्फटिक नव्हे, हे मान्य. तरीही हा निकष मला वर्गात उपयोगी वाटतो. तेथे 'पानी', 'व्हतं' म्हणणारी एखादी मुलगी पहिल्या उत्तरालाच हशा पिकला की वर्षभर तोंड उघडत नाही. तिच्या उत्तरातला आशय बहुधा नेमका असतो. प्रमाणभाषा तिला यायलाच हवी, आणि ती शिकवणे माझे कामच आहे. पण त्याआधी वर्गातून काही काढून टाकायचे असेल, तर ते तिचे 'पानी' नव्हे, तो हशा होय.