गळण्यातून निसटलेले

वसईतील एका जैन घरात आजी अजूनही पाणी दुपदरी सुती गळण्यातून गाळतात. जिवाणी जिथल्या पाण्याची तिथेच सोडावी, हा नियम; विहीर बुजली, नळ आला, तेव्हापासून ती रुखरुख त्यांच्या मनात आहे. घराचा व्यवसाय मात्र प्लास्टिकच्या वेष्टनांचा.

पिशवी कुजत नाही, उन्हाने व लाटांनी झिजते. पाच मिलिमीटरहून लहान झालेले ते कण वैतरणा आणि वसईच्या खाडीतून समुद्रास मिळतात. कोळंबी, शिंपले ते गिळतात, आणि अन्नाची जागा प्लास्टिक व्यापते. शाकाहारी ताटही यातून सुटलेले नाही: २०१८ मध्ये मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांना मिठात असे कण आढळले. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये ते मानवी रक्तात सापडले. त्यांच्या अपायाचे पूर्ण मोजमाप व्हायचे आहे. पण ज्याने अभक्ष्याचा इतका सूक्ष्म विचार केला, त्या समाजाने तोवर थांबावे काय?

हातपिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. वेष्टनाच्या जाड पिशव्यांना मोकळीक मिळाली, त्यावरच दुकान चालते, असे नातू सांगतो. हिशेब त्याच्याच बाजूचा आहे.

पर्युषणात आजींनी गळणे त्याच्यापुढे धरले. “हे कण यात अडकतात का रे?”

सगळे अडकत नाहीत. दिवाळीच्या मालाची मागणी त्याने अद्याप नोंदवलेली नाही.