तीन महिने कमी पडले

सहा महिन्यांपेक्षा कमी शिक्षा, म्हणून अर्ज अपात्र. या एका ओळीत माझ्या आबाजींचा स्वातंत्र्यलढा निकालात निघाला. इतकी वर्षं उलटली, आबाजीही गेले, तरी ती ओळ आठवली की आजही माझं डोकं तापतं.

1930 चा जंगल सत्याग्रह आमच्या यवतमाळ जिल्ह्यात नव्याने सांगायला नको. मिठाचा सत्याग्रह करायला वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोल्याकडे दहीहंड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्याचं मीठ काढलं, पण शेतकऱ्याचं खरं दुखणं जंगलाच्या कायद्यात होतं. राखीव जंगलात गुरं चारायची, गवत कापायचं, तर सरकारची परवानगी हवी. 10 जुलैला वणीच्या लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला गवत कापून तो कायदा मोडला. मागोमाग तुकड्या निघाल्या. 21 जुलैला डॉ. हेडगेवारांनी यवतमाळजवळ सत्याग्रह केला. पुढच्या अशाच एका तुकडीत आमचे आबाजी होते, विशीतले, हातात इळा घेऊन. कापलं किती? काखेत मावेल एवढी पेंढी. पावसाळ्यातलं कोवळं गवत, मुठीत नीट धरवतही नव्हतं म्हणायचे.

कलम लागलं 379, म्हणजे चोरी. तीन महिने सक्तमजुरी आणि वर दंड. दंड भरणार नाही म्हटल्यावर गोठ्यातला एक बैल जप्त होऊन लिलावात गेला. ऐन डवरणीच्या दिवसांत घरी एकच बैल उरला. आबाजी तुरुंगात आणि त्यांचे वडील दुसऱ्या बैलासाठी गावात दारोदार.

1980 च्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शनसाठी आम्ही निकालाची नक्कल काढून अर्ज केला. कचेरीतल्या बाबूंनी नक्कल वाचली आणि म्हणाले, "हे तर चोरीचं प्रकरण दिसतं." आबाजी शांतपणे म्हणाले, "चोर सांगून येते काय, साहेब? आमी तं आधी सांगून गेलो होतो." बाबूंनी मान खाली घातली. पण नियम नियमच. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन महिन्यांची सवलत होती, ती रास्तच आहे. आम्ही तीत बसत नव्हतो.

पुढे डॉ. हेडगेवारांच्या शिक्षेचा तपशील वाचनात आला आणि मी अस्वस्थ झालो. त्यांना कलम 117 खाली, म्हणजे लोकांना गुन्ह्यासाठी चिथावल्याबद्दल, सहा महिने आणि 379 खाली तीन महिने, असे नऊ महिने झाले होते. म्हणजे त्या निकालातही नुसत्या गवताचे तीनच! पुढाऱ्याला जास्त शिक्षा होणार, हे उघड आहे. पण त्याच्यामागे जो फक्त इळा घेऊन गेला, त्याने सहा महिने आणायचे कुठून? इंग्रज सरकारच्या मॅजिस्ट्रेटने कुणाला किती दिवस कोंडलं, यावरून स्वतंत्र भारतात देशसेवा मोजायची? बैल गेला, हंगाम हुकला, त्याचा रकाना अर्जात नव्हता.

आबाजी पैशासाठी लढले नव्हते, पेन्शन नाही मिळाली तेच बरं झालं, असं मी आजवर चारचौघांत बोलत आलो. पण ते खरं नाही. आम्हाला ती हवी होती. बाबांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं, कपाशीने दगा दिला होता आणि आबाजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन पैशावाचून लांबत होतं. देशासाठी लढलेल्या माणसाने म्हातारपणी हात पसरू नये, हे बोलायला ठीक आहे. पण तो हक्क होता, भीक नव्हती.

माझं सांगणं एवढंच, की ज्यांच्या घरात अशा जुन्या नकला असतील त्यांनी त्या ट्रंकेत कुजू देऊ नयेत. तहसिलीत, कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये चौकशी करावी. तीन महिनेवाल्यांची, दोन महिनेवाल्यांची, नुसता दंड झालेल्यांची नावं ग्रामपंचायतीच्या फलकावर यायला हवीत. आमच्या गावी मी हा विषय काढला, तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, नाव लाव, पण कलम लिहू नको, पोरं विचारतील. मी म्हटलं, कलमासकट लिहू. विचारू दे पोरांना. आमचं त्यावर अजून एकमत झालेलं नाही.