उत्तर पुसले, मन पुसले नाही



चाळीस वर्षे मी कीर्तनात नाथमहाराजांच्या शांतीचा दृष्टांत सांगितला. पैठणला महाराज गोदेचे स्नान करून यायचे, एक जण अंगावर थुंकायचा, महाराज पुन्हा स्नानाला जायचे. सांगताना माझा कंठ दाटे, श्रोते डोळे पुसत. पण तो प्रसंग आपल्या अंगावर आला की काय होते, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळले.

कीर्तन आता थांबले आहे. नातवाने दिंडीच्या व्हॉट्सॲप गटात मला घेतले. एके सकाळी हरिपाठानंतर मोबाइल पाहिला. एका तरुणाने लिहिले होते, "महाराज निष्काम सेवा सांगायचे आणि सप्ताहात पाकीट घ्यायचे." खाली ओळखीच्या पाच-सहा जणांनी अंगठे उमटवले होते.

माउली, हात थरथरला. एकदा पाकीट घेतले, हे खरे. ते त्याच रात्री एका अडलेल्या घरी गेले. हाच खुलासा मी नातवाला सांगू लागलो, तो लिहू लागला. मध्येच त्याने विचारले, "आबा, त्यांचं नावही टाकू का?"

तिथेच थांबलो. स्वतःला धुऊन काढायला मी एका स्वाभिमानी घराची अडचण चव्हाट्यावर मांडणार होतो. म्हटले, "पुसून टाक." ते नाव इथेही लिहीत नाही.

मजकूर पुसला, मन मात्र पुसले गेले नाही. चार दिवस मुखाने हरिपाठ चाले आणि मन त्या तरुणाशी भांडत राही. दिंडीकऱ्यांचे फोनही घेईनासा झालो. तेव्हा मुक्ताई आठवली. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानोबारायांनी ताटी लावून घेतली, तेव्हा धाकट्या बहिणीने ती उघडण्यासाठी विनवले. मीही गप्प बसलो नव्हतो, ताटी लावून रुसलो होतो. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत आधी अमानित्व येते, क्षांती नंतर. मानाची भूक असताना क्षमा कुठून येणार?

पुढच्या एकादशीला तो तरुण देवळात भेटला. आपल्या रीतीप्रमाणे मी आधी वाकलो, तोही वाकला. त्याने खुलासा मागितला नाही, मी दिला नाही. काही जण अजून तेच मानत असतील. ते कधीमधी टोचते, खोटे कशाला सांगू?

दिंडीच्या वर्गणीचा हिशेब कोणी विचारला, तर वही उघडून दाखवावी. दुसऱ्यावर खोटा आळ आला, तर जरूर बोलावे. पण दुखावला असेल तो नुसता आपला मान, तर मोबाइल पालथा ठेवून आधी एक हरिपाठ म्हणावा. नंतरही लिहावेसे वाटले, तर त्यात कोणाचे नाव ओढले जाते, एवढे पाहावे.