शॉकअप गरम आहे का?

‘‘स्प्रिंग कापायची नसते गं.’’

दादाच्या गाडीबद्दल नऊ महिन्यांत बाबांनी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. तेही दादाशी नाही, माझ्याशी. मी डायनिंग टेबलवर मोबाइलमध्ये दादाच्या एस्टीमचे फोटो बघत बसले होते आणि बाबा चहाचा कप घेऊन मागून जाताना थबकले. फोटोत गाडीचं नाक चांगलं दीड-दोन इंच खाली बसलेलं. मला ते जाम स्टायलिश वाटत होतं. बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, फोटो मोठा करून बघितला आणि एवढंच बोलून गॅलरीत निघून गेले.

थोडी पार्श्वभूमी सांगते. आमचा दादा म्हणजे हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून ऑटोक्रॉस करणारा माणूस. ऑटोक्रॉस म्हणजे मुरुमाच्या नाहीतर मातीच्या ट्रॅकवर, एका वेळी एकेकाने, घड्याळाशी खेळलेली शर्यत. शेजारी कोणी प्रतिस्पर्धी नसतो, त्यामुळे हरल्यावर शिव्या द्यायला फक्त स्वतः उरतो. पुण्याचे संजय टकले 2025 मध्ये डकार क्लासिकला सौदीच्या वाळवंटात उतरले, तेव्हा दादा आठवडाभर घरात त्याच विषयावर बोलत होता. ऐकायला मी एकटीच. कारण त्यानंतरच्या एका फेब्रुवारीत, काळ्या मातीच्या एका ट्रॅकवर, ब्रेक मारून वळताना दादाची गाडी चरात अडकली आणि उलटली. रोल केज होता, हेल्मेट होतं, म्हणून कॉलरबोनवर निभावलं. हॉस्पिटलमध्ये बाबा म्हणाले, ‘‘गाडी विकून टाक.’’ दादा म्हणाला, ‘‘नाही.’’ संपलं. त्यानंतर एका घरात दोन पुरुष आणि निरोप्या म्हणून मी. मास कॉमची डिग्री अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं!

आता गंमत अशी, की बाबांनी 31 वर्षं भोसरीतल्या एका कारखान्यात काढली, आणि त्यातली बरीचशी शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या टेस्ट बेंचवर. म्हणजे घरात डॉक्टर असताना पोरगा बाहेर जडीबुटी घेत होता. जानेवारीत पुण्यातल्या एका ‘एक्स्पर्ट’ने त्याला सांगितलं, पुढच्या स्प्रिंगचा एकेक वेढा कापू, गाडी खाली बसेल, कडक होईल, वळणात झुकणार नाही. ग्राइंडरवर पाच मिनिटांचं काम. त्यानंतर महिन्याभरात गाडी उलटली. या दोन गोष्टी कुणी जोडून बघितल्या नव्हत्या, कारण स्प्रिंग कापल्याचं बाबांना माहीतच नव्हतं.

त्या रात्री बाबांनी मला लाइट बिलाच्या मागे गणित करून दाखवलं. स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली सळई. गाडी खाली दबते तेव्हा ती सळई खरं म्हणजे पिळली जात असते. सळई लांब असेल तर सहज पिळते, आखूड असेल तर हट्ट करते. सहा कामाचे वेढे असलेल्या स्प्रिंगचा एक वेढा कापला, की ती सरळ 20 टक्के कडक. तारेची जाडी तर आणखी भयंकर प्रकरण. 12 मिलिमीटरच्या जागी 13 घेतली, तर कडकपणा जवळजवळ 38 टक्क्यांनी वाढतो, कारण जाडीचा चौथा घात लागतो. (इथे मी मान डोलावली. दहावीला गणितात किती मिळाले ते विचारू नका.)

‘‘मग कडक झाली तर बिघडलं काय?’’ मी विचारलं.

‘‘रस्त्यावर काही नाही. मातीत चाक जमिनीला चिकटून राहायला पाहिजे. हवेतल्या चाकाला स्टिअरिंग कळत नाही आणि ब्रेकही कळत नाही.’’

एस्टीम पुढच्या चाकांवर चालणारी गाडी. साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढे. ओढायचं पुढच्या चाकांनी, वळायचं पुढच्या चाकांनी, ब्रेकचं मोठं काम पुन्हा त्यांचंच. आपल्या ऑफिसात असा एक जण असतोच ना, ज्याच्या टेबलावर सगळ्यांच्या फायली असतात? तसं. त्यात पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, एकाभोवती एक. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना. 1950च्या सुमारास फोर्डच्या ब्रिटिश गाड्यांमध्ये आली आणि पुढे आपल्या मारुती 800 पर्यंत पोचली. सुटसुटीत आणि स्वस्त. पण या खांबात स्प्रिंग आखूड केली, की दोन दुखणी येतात. गाडी खाली बसल्यामुळे चाकाला वर जायला जागा उरत नाही, आणि चाक खाली लोंबकळलं की स्प्रिंग आपल्या बैठकीतून सैल होते, सरकूसुद्धा शकते.

हे सगळं सांगून झाल्यावर बाबा स्टूल घेऊन माळ्यावर चढले. ख्रिसमस ट्री, जुना मिक्सर, आईची शिलाई मशीन यांच्या मागून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, तेल लावलेल्या दोन स्प्रिंगा काढल्या. एस्टीमचा न कापलेला जादा सेट. दादाला वाटत होतं, तो भंगारात गेला.

‘‘दे त्याला,’’ ते म्हणाले.

‘‘तुम्हीच द्या. मी काही कुरिअर नाही.’’

मग रविवारी सकाळी चिंचवडहून लोणावळा लोकल. बाजारच्या पिशवीत दोन स्प्रिंगा, मांडीवर पिशवी, शेजारी बाबा, संपूर्ण प्रवासात तीन वाक्यं. तळेगाव गेल्यावर खिडकीतून कापलेली भातखाचरं दिसायला लागली. नोव्हेंबरमध्ये हा सगळा पट्टा असा पिवळसर, मोकळा असतो. आपण कौतुकाने खातो तो इंद्रायणी तांदूळ याच मातीतला, 1987 मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला. दादाची प्रॅक्टिस कामशेत आणि कार्ल्याच्या मधे एका काकांच्या पडीक माळावर चालते. मुरूम आहे, दोन चांगली वळणं आहेत आणि एक असा उंचवटा आहे जिथे माझा नाश्ता नेहमी वर येतो.

स्टेशनवर दादा घ्यायला आला होता. त्याला मी फक्त ‘येतेय’ असं कळवलं होतं. बाबांना बघून त्याने पिशवी घेतली, आत बघितलं आणि गप्प बसला. कामशेतच्या गॅरेजवाल्या मामांनी वातावरण ओळखून लगेच चहा सांगितला.

स्प्रिंगा बदलायचं काम मामांनी केलं. बाबा बाहेर बाकावर बसून राहिले, हात लावणार नाही असं ठरवल्यासारखे. दबलेली स्प्रिंग हे साधं खेळणं नाही. कॉम्प्रेसर निसटला तर ती माणसाचा जबडा फोडू शकते, त्यामुळे मलाही लांब बसवलं होतं. डावा स्ट्रट काढताना मामा म्हणाले, ‘‘जरासा ओलसर वाटतोय, पण चालंल.’’ दादाला घाई होती. त्याने मान हलवली. मी मात्र ते वाक्य ऐकलं होतं आणि विसरून गेले होते, हे पुढे महत्त्वाचं आहे.

बाबांनी एकच गोष्ट करायला लावली. शॉकअपच्या दांड्यावरचं रबरी बूट काढायचं आणि दांड्याला प्लास्टिकचा साधा केबल टाय बांधायचा. दहा रुपयांत डझनभर मिळणारा. चाक वर गेलं की शॉकअपची नळी टायला वर ढकलते, चाक खाली आलं तरी टाय तिथेच राहतो. फेरी संपल्यावर बघायचं, चाक किती वर गेलं होतं. लाखाची सेन्सर सिस्टीम जे सांगते त्यातलं निम्मं दहा रुपयांत!

खरं तर आधी कापलेल्या स्प्रिंगवर एक फेरी मारून टाय बघायला हवा होता. सुदैवाने दादाने आदल्या शनिवारी वेळ नोंदवून ठेवली होती, 58 सेकंद. माळावर पोचल्यावर त्याने पहिली फेरी मारली. ब्रेक लावताना नाक आधीपेक्षा जास्त खाली जात होतं, दिसायला वाईटच. घड्याळात 55. दादा खाली उतरून वाकला. टाय रबरी थांब्याच्या बोटभर अलीकडे उभा होता. म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबूनही थोडी जागा शिल्लक. मऊ स्प्रिंग, बसकी चाल, आणि तीन सेकंद वाचले. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आताही मनातून थोडं विचित्रच वाटतं. वेगवान गाडी टणक असायला हवी असं आपण सिनेमे बघून ठरवलेलं असतं.

माळाचे मालक काका बांधावर बसून बघत होते. त्यांचा स्वतःचा बैलगाडा. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या तेव्हाही त्यांनी बैल विकले नाहीत. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, 2023 मध्ये न्यायालयाने राज्याचा कायदाही मान्य केला, आता पुन्हा घाटात उतरतात. ‘‘आमच्या गाड्याला कुठं ओ स्प्रिंग?’’ ते बाबांना म्हणाले. बाबा चक्क हसले. ‘‘तुमच्याकडे स्प्रिंग बैलाच्या पायात असते,’’ म्हणाले.

दुसऱ्या फेरीत मी शेजारी बसले. तिसऱ्यातही. तिसऱ्या फेरीला काहीतरी बिनसलं. डावीकडचं पुढचं चाक खडबडीत पट्ट्यावर टप्पा खात होतं, स्टिअरिंग हलकं पडत होतं, आणि उंचवट्यानंतरच्या वळणात गाडी सरळच निघाली. फेब्रुवारीत जे झालं ते ऐकलं होतं. आता शेजारच्या सीटवरून दादाचा चेहरा दिसला. त्याने पाय काढला, गाडी बांधाच्या चार फूट आधी थांबली. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

बाबा चालत आले. धावत नाही, चालत. चाक आडवं वळवायला सांगितलं आणि मातीत गुडघा टेकून मडगार्डमधून हात आत घातला. उजव्या शॉकअपवरचा हात लगेच मागे घेतला. मग डाव्याला लावला आणि तिथेच ठेवला.

‘‘उजवा तापलाय. हा गार आहे.’’

शॉकअपचं काम काय, तर उड्या मारणाऱ्या स्प्रिंगची ताकद खाऊन तिची उष्णता करायची. आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि तापतं. राबणारा शॉकअप गरम होणारच. तीन फेऱ्यांनंतर एक गरम आणि एक कोमट, म्हणजे कोमटवाला फक्त हजेरी लावत होता. तेल गेलेलं, वाल्व रिकामा फिरतोय. चाक वर गेलं की खाली यायला आणि खाली गेलं की वर यायला कोणी धरतच नाही. उलटही होतं म्हणे. परतीचा जोर जास्त ठेवला तर पुढच्या खड्ड्याआधी चाक खाली पोचतच नाही, गाडी हळूहळू स्वतःच्याच पोटावर बसत जाते. पण आमचं दुखणं पहिलं.

मग बाबांनी नखाने नळीवरचा चिखल खरवडला. वर लालसर मुरूम होता, आजचा. त्याच्याखाली तेलात बसलेला, कडक झालेला काळा थर. ते बराच वेळ बोटाच्या टोकाकडे बघत राहिले. कामशेतच्या आसपास अशी काळी माती नाही. ही गाडी काळ्या मातीत शेवटची गेली होती ती फेब्रुवारीत.

‘‘तेव्हाच गळत होता बहुतेक,’’ बाबा म्हणाले. पहिल्यांदा दादाकडे बघून.

दादा म्हणाला, ‘‘आधीपासून की पडल्यानंतर, आता काय सांगणार?’’

‘‘नाही सांगता यायचं.’’

खरंच नाही. कापलेली स्प्रिंग, मेलेला शॉकअप, का ते वळण जरा जास्तच जोरात घेतलं होतं, यातलं कशाने गाडी उलटली हे कोणी सिद्ध करू शकत नाही. दादाच्या वेगाची शंका अजून माझ्याही मनात आहे. पण नऊ महिने बाबांच्या डोक्यात एकच कारण होतं आणि आता तिथे तीन झाली होती.

दादाने फोनवर कोईमतूरच्या ओळखीच्या माणसाला नव्या इन्सर्टची किंमत विचारली. आकडा ऐकून तो बांधावर काकांच्या शेजारी जाऊन बसला. बाबांनी रुमालाने हात पुसले, पण तेल गेलं नाही.

‘‘पैसे माझ्याकडून मिळणार नाहीत,’’ ते म्हणाले. ‘‘जोडीने बदल, एकच नको. आणि आले की मला सांग, मामांकडे बसवायच्या आधी मी एकदा दाबून बघणार आहे.’’

परतीच्या लोकलला आईचा फोन आला, चिक्की आणली का. विसरलो होतो.