पालथा हात

ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांची खबर चालवणाऱ्याला स्टेअरिंगमधून लागते. मागच्या ट्रॉलीची खबर त्याला कुणी देत नाही. दोन ट्रॉल्या जोडल्या की शेवटचं चाक त्याच्यापासून चाळीसेक फूट मागं. मधे इंजिनचा दणका आणि दोन्हीकडं ऊसाचा डोंगर. त्या चाकातली हवा निम्मी झाली तरी ट्रॅक्टर आपला ओढत राहतो. मोटार असती तर एका अंगाला खेचली असती. इथं टायर फुटला की कळतं, आणि तोवर ट्रॉली चारीकडं कलंडायला लागलेली असते.

आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, कृष्णाकाठच्या फडांतनं वीसेक हंगाम ऊस ओढला. आठवीपासून सुट्टीत मी त्यांच्याबरोबर असायचो. त्यांचा एक शिरस्ता होता. दहा-पंधरा किलोमीटर झाले की रस्ता बघून थांबायचं, उतरायचं आणि आठही टायरांना हात लावत ट्रॉल्यांना एक वेढा घालायचा. हात पालथा. तळहाताला पान्याचे, टामीचे घट्टे पडलेले, त्या कातड्याला काय कळणार? पालथ्या हाताचं कातडं पातळ, ते खरं बोलतं.

हात आधी टायरच्या कुशीला, मग मधल्या हबला. हब तापला असेल तर बेअरिंगची तक्रार, ग्रीस संपलेलं. कूस तापली असेल तर हवेची. हवा कमी पडली की टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, पुन्हा उठतो. सायकलची तार सारखी वाकवली की जशी गरम होते, तसंच ते. रबर तापतं, आतले धागे सुटतात, आणि जे व्हायचं ते उतारावर होतं.

“टायर फुटायच्या आदी तापतंय. त्यो काय चोरून फुटत न्हाई,” तात्या म्हणायचे.

शेजारच्या टायरशी ताडून बघणं हा त्यातला खरा भाग. गरम तर सगळेच असतात. दुपारी दक्षिणेकडं चाललो तर उन्हाची बाजू उजवी, म्हणून उजवे चारही थोडे जास्तच लागायचे. तेवढी सूट तात्या देत. डाव्यांत एखादा वेगळा लागला की मात्र टामीनं ठोकून बघायचे. भरलेला टायर टणटणतो, कमी हवेचा भद्द वाजतो.

पौंड मोजायची पट्टी ते सकाळीच काढत, टायर गार असताना. आमच्या टायरांत तेव्हा शंभर पौंड भरायचे. रस्त्यावर टायर तीस अंशांनी तापला की तीच हवा फुगून एकशे दहाच्या घरात जाते. पुष्कळ जण ती बघून घाबरत आणि वॉल्व्ह दाबून थोडी हवा सोडत. म्हणजे दुसऱ्या दिवशी गार टायरात नव्वदच, तो आणखी दबणार, आणखी तापणार. यावरून तात्यांनी कारखान्याच्या गाडीतळावर कितीकांशी वाद घातलेत.

१९९४च्या दिवाळीनंतर आम्ही टोळी आणायला पाटोद्याकडं गेलो होतो. येताना जामखेड, करमाळा, टेंभुर्णी, पंढरपूर, सांगोला असा तीनशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला. दोन्ही ट्रॉल्यांत माणसं. बायका, तान्ही पोरं, भांडी, कोंबड्या, कोयत्यांची गाठोडी. उसाएवढं वजन नव्हतं, पण ऊस उलटला तर पुन्हा भरता येतो.

करमाळा सोडल्यावर तात्यांचं थांबणं मुकादमाला सोसेना.

“तात्या, अशानं कव्हा पोचायचं? टोळी बसून हाय, तिकडं फड तुटायचा ऱ्हायलाय.”

तात्यांनी उत्तर दिलं नाही. टेंभुर्णीच्या अलीकडं, रात्री नवाच्या सुमाराला, ते मागच्या ट्रॉलीच्या डाव्या शेवटच्या चाकापाशी उकिडवे बसले ते उठेचनात. ऊन उतरून तीन तास झालेले, वाऱ्याला गारवा. बाकीचे सात कोमट आणि हा चटका देणारा. मला म्हणाले, “लाव हात.” मी लावला आणि लगेच काढला.

त्या चाकाच्या बरोबर वर, फळीला टेकून, एक बाळंतीण पोर घेऊन झोपली होती.

मुकादम म्हणाला, हवा भरू आणि हळूहळू जाऊ. तात्यांनी ट्रॉलीखाली ठोकळे लावले, जॅक काढला. स्टेपनी घातली, पण तेवढ्यावरही पुढं निघाले नाहीत. सगळ्यांना खाली उतरवलं, तीन दगडांच्या चुली पेटल्या, आणि मुक्काम तिथंच. मुकादम रात्रभर बोलला नाही.

सकाळी टेंभुर्णीत पंक्चरवाल्यानं तो टायर रिमवरनं उतरवला. आत मूठभर काळी भुकटी होती, रबराची. कुशीच्या आतून गोल चर पडलेला आणि धागे दोऱ्यासारखे मोकळे. वॉल्व्ह पिनमधून हवा झिरपत होती, एवढंच कारण. पंक्चरवाल्यानं ती भुकटी मुकादमाच्या हातावर ठेवली. त्यानं ती झटकली आणि ट्रॉलीकडं जाऊन पोरं मोजली. आदल्या दिवशी मोजलेलीच होती ती.

आता तात्यांचा धाकटा ट्रॅक्टर चालवतो. त्यानं आठही वॉल्व्हवर टोपणासारखे सेन्सर बसवलेत. हवा आणि उष्णता, दोन्हींचे आकडे समोरच्या छोट्या पडद्यावर दिसतात. वस्तू चांगली आहे. फक्त टोपण वाऱ्यात बाहेर असतं, म्हणून त्याचा उष्णतेचा आकडा टायरच्या पोटातल्यापेक्षा कमीच असतो. पण हवा झिरपायला लागली तर पुढच्या थांब्याची वाट न बघता ते ओरडतं. पालथ्या हाताला हे जमलं नसतं.

तात्यांच्या बोटांची जाण गेल्या काही वर्षांत साखरेच्या आजारानं गेली. चहा पोळतोय का, हे ते ओठाला लावूनच ठरवतात. मागं एकदा अंगणात उभ्या ट्रॉलीला त्यांनी सवयीनं पालथा हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मला विचारलं, “तापलाय का रं?” ट्रॉली नुकतीच खेप टाकून आली होती.

हंगामात रात्री दहाला ते पोराला फोन लावतात. जेवलास का, नंबर कधी लागला, हे नंतर.

“सात आणि आठ?”

“सात अडतीस, आठ एकोणचाळीस.”

“आणि हवा?”

“दोन्हीत एकशे सहा.”

“सकाळी गार किती व्हती?”

“शंभर.”

“सोडू नगंस. ये सावकाश.”