मसाटच्या भिंतीवरील सूर्यघड्याळ

सिल्वासाजवळच्या मसाटमध्ये आज दिवसाची गणती कारखान्यांच्या पाळ्यांवरून होते. अशा गावी शाळेच्या दक्षिण भिंतीवर शोभिवंत सूर्यघड्याळ रेखावे, ही कल्पना आमच्या चित्रकला-शिक्षकांची. ती मला भावली. तथापि सौंदर्याआधी भूगोलाचा विचार करावा लागला.

मसाटचे अक्षांश सुमारे २०. म्हणून छाया पाडणारा शंकू भिंतीशी ७० अंशांचा कोन करून, टोक खाली झुकवून बसवावा लागतो. मध्यान्हरेषा सरळ खाली उतरते. तीन तासांची रेषा तिच्यापासून ४५ नव्हे, ४३ अंशांवर पडते. युरोपातील चर्चच्या भिंतीवरचा नमुना जसाच्या तसा उचलला, तर घड्याळ खोटे बोलेल.

खरी अडचण निराळीच. मेअखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य येथे उत्तरेकडे कलतो आणि दक्षिण भिंत भर दुपारी सावलीत राहते. शिंद्यांनी १९२३ साली डागडुजी करविलेल्या उज्जैनच्या वेधशाळेत नाडीवलय यंत्राला उत्तर व दक्षिण अशा दोन तबकड्या आहेत. सहा महिने एक उजळते, सहा महिने दुसरी. आमच्याकडे तो अंधारा काळ बहुतांशी सुट्टीचा नि पावसाचा, तेव्हा उणीव खपेल!

प्रमाणवेळेपेक्षा ही सावली सरासरी ३८ मिनिटे मागे राहील. तो फरक आकड्यांत दडवू नये, असे माझे मत. मुलांनी कारण विचारलेच पाहिजे. भोवती गेरूवर वारली आकृती येतील, परंतु तांदळाची पिठी पावसात टिकणार नाही, म्हणून पांढरा रंग. त्याआधी अंगणात काठी रोवून, वर्तुळ आखून, पूर्वान्ह-अपरान्हाच्या सावल्यांवरून भिंत नेमकी दक्षिणाभिमुख आहे काय, हे मुलेच तपासणार आहेत.